बारा व्होल्टचा दिवा

जुन्या मोटारसायकलींच्या दिव्यांवर लिहा, असं या अंकाच्या संपादकांनी मला याआधीही सांगितलं होतं. दर वेळी मी दुसरंच काहीतरी लिहून दिलं. एकदा हॉर्नवर लिहिलं, एकदा ट्रक ड्रायव्हरांच्या तऱ्हांवर. लोकांना आवडलं. दिव्यांवर लिहायचं मात्र मी टाळत आलो, कारण भिवंडीत माझं नाव झालं ते दिव्यांमुळेच. दिव्यांवर लिहायला बसलो की आमच्या वळ गावच्या तरेतात्यांची गाडी येणार, ती आली की निजामपुऱ्यातलं रशीद मास्तरांचं दुकान येणार, आणि तिथे माझा हात अडणार. या वर्षी अडू द्यायचा नाही असं ठरवून बसलो आहे.

धामणकर नाक्यावर माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं. ट्रक, जीप, टेम्पो हे रोजचं काम. पण माझा जीव रमायचा जुन्या इंग्रजी मोटारसायकलींत. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने लिलावात काढलेल्या अशा गाड्या आमच्या भागात बऱ्याच होत्या. इंजिनं दणकट, पण दिवे म्हणजे देवघरातली निरांजनं. त्या दिव्यांना दृष्टी द्यायचं काम माझ्याकडे यायचं.

गिऱ्हाइकं एकेक नग असायची. एका दूधवाल्याला दिवा आभाळाकडे रोखलेला हवा होता. का, तर समोरच्या ट्रकवाल्याच्या थेट डोळ्यांत गेला पाहिजे, म्हणजे तो आधी घाबरेल. एकाला सासुरवाडीला जाण्यापुरता ट्रकचा दिवा मोटारसायकलवर बसवून हवा होता, परत आल्यावर काढून टाकायचा. एकाहत्तरच्या लढाईत ब्लॅकआउट आला तेव्हा दिव्यांच्या काचा काळ्या रंगवून घ्यायला माझ्याकडे रांग लागली, आणि लढाई संपल्यावर तीच रांग रंग खरवडून घ्यायला लागली. दोन्ही वेळा मलाच चहा पाजून लोक म्हणाले, जरा लवकर कर.

ज्यांनी हे काम पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. दिवा म्हणजे नुसता बल्ब नव्हे. बल्बच्या मागे चांदीचा मुलामा दिलेली वाटी असते, तिला रिफ्लेक्टर म्हणतात. पुढे रेघारेघांची काच असते. वाटी उजेड गोळा करते आणि काच तो रस्त्यावर पसरते. काच घेतानाही डोळे उघडे ठेवावे लागत. ज्या देशांत गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात तिथली काच आपल्याकडे बसवली, तर उजेड रस्त्याच्या कडेला न पडता समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. चोरबाजारात अशा काचा स्वस्त मिळायच्या आणि लोक हौसेने घेऊन यायचे. मी त्या परत पाठवायचो. वाटीला तर बोटही लावायचं नसतं, फडका तर लांबच. आणि आमच्याकडे दसऱ्याला गाडी धुताना बायका ती वाटी काढून समईसारखी चिंच आणि राखेने लख्ख घासायच्या. चांदी धुपून खालचं पितळ दिसायला लागायचं. मग मालक म्हणायचा, दिवा म्हातारा झाला.

तरेतात्या असेच आले. तात्यांचा गवताचा धंदा. दसरा झाला की वाडा तालुक्याकडच्या माळांवरचं गवत उभंच विकत घ्यायचं, कापून, भारे बांधून मुंबईच्या तबेल्यांना पाठवायचं. अख्खा हंगाम ते वडिलांनी लिलावात घेतलेल्या मोटारसायकलवर फिरायचे. गावात त्या गाडीला सगळे ‘मिलिटरी’ म्हणायचे. माझ्या वडिलांची आणि तात्यांची शेती खाडीच्या एकाच बांधाला लागून, त्यामुळे ते माझ्याशी अंगाखांद्यावर खेळवलेल्या पोराशी बोलावं तसंच बोलायचे.

“नामा,” ते म्हणाले, “दिवा लावला का मना रस्ता दिसत न्हाय. निस्ता दिवाच दिसतो.”

मी उघडून पाहिलं. काकूंनी, म्हणजे तात्यांच्या बायकोने, दसऱ्याला वाटी घासली होती.

मी तेव्हा त्यांना सांगायला हवं होतं की वाटीला पुन्हा चांदी चढवू, तारा जाड टाकू, गंजलेले सांधे साफ करू, तेवढ्याने काम होईल. ते खरंही होतं. जुन्या गाड्या सहा व्होल्टच्या. कमी दाबाचं पाणी बारीक नळीतून जसं ठिबकतं तसा सहा व्होल्टचा करंट बारीक, गंजक्या तारेतून जातो. नळी मोठी केली की निम्मं दुखणं जातं. पण मी तिशीच्या आतला होतो, आणि सबंध गाडीच बारा व्होल्टची करायची हे माझ्या डोक्यात घोळत होतं. तात्यांना म्हटलं, असा दिवा करून देतो की वळला लावलात तर खाडीपलीकडे दिसेल. तात्या खूश.

बारा व्होल्ट करायचं तर बॅटरी, बल्ब, रेग्युलेटर बाजारात मिळतात. अडतं ते डायनेमोपाशी. इंजिनावर फिरून वीज करणारा हा डब्बा. त्याच्या आतली तांब्याची तार काढून जास्त बारीक तार, जास्त वेढ्यांनी भरावी लागते. याला वाइंडिंग म्हणतात. आणि वाइंडिंगच्या बाबतीत भिवंडीसारखं गाव नव्हतं. पॉवरलूमची, म्हणजे विजेवरच्या मागाची, मोटर जळली की शिफ्ट बुडते, म्हणून गल्लीगल्लीत वाइंडिंगवाले. त्यांत रशीद मास्तरांचं नाव पहिलं. त्यांनी भरलेली मोटर पुन्हा आली असं कुणी पाहिलं नव्हतं. मलाही डायनेमोचं जे काही कळतं ते त्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसून. मी ना त्यांच्या बिरादरीचा, ना त्यांच्याकडे कामाला. तरी विचारलं की ते हातातलं काम ठेवून सांगायचे.

एका दुपारी मास्तर नमाजला गेले होते आणि मी डायनेमो घेऊन पोचलो. दुकानाच्या मागच्या अर्ध्या भागाला पडदा होता. पडद्याआड कुणीतरी हळू आवाजात वेढे मोजत होतं. वाऱ्याने पडदा हलला आणि मला हलीमाआपा दिसल्या, मास्तरांच्या बीबी. मांडीवर मोटरचा गाभा, आणि तार बोटांतून अशी चाललेली, जशी कांडी भरतानाच्या सुताची. लग्नाआधी त्या माहेरी लूमसाठी कांड्या भरायच्या. मास्तर परत आले, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि त्यांना कळलं. त्यांनी आपले दोन्ही हात माझ्यापुढे धरले. ते थरथरत होते. बरीच वर्षं थरथरत होते.

“घर की बात है, नामदेवभाई,” ते म्हणाले. “नाम मेरा है, हाथ इनके हैं. लूमवाले औरत के हाथ की मोटर नहीं लेंगे.”

आतून आपा हसल्या. “तार थोड़े ही पूछती है, किसके हाथ में हूँ.”

मी म्हटलं, मास्तर, मी काही पाहिलंच नाही. त्यानंतर मी गेलो की आपा पडदा अर्धा सरकवून ठेवायच्या. दुसऱ्या कुणासाठी तो सरकला नाही.

तात्यांचा डायनेमो त्यांनीच भरला. तारेची टोकं सुताने बांधायची आणि वरून वॉर्निश द्यायचं अशी पद्धत. बाकीचे वाइंडिंगवाले साधी गाठ मारायचे. आपा विणकराची गाठ मारायच्या, लूमवर तुटलेला धागा जोडायची असते ती. लहानशी, चपटी, ओढलं तर आणखी घट्ट होणारी. वाटी मी बाजारातल्या मुलामेवाल्याकडून चांदीने करून आणली. निकेल स्वस्त पडतं, चमकतंही जास्त, पण उजेड चांदीच जास्त परतवते. काच आपल्या बाजूची निवडली. सगळं जोडलं.

इथे माझी चूक झाली.

या जुन्या इंग्रजी गाड्यांत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक गाडीच्या अंगाला जोडलेलं असतं. माझ्याकडे रोज येणाऱ्या ट्रक-जीपना निगेटिव्ह जोडलेलं असायचं. हाताला तीच सवय. मी नवी बॅटरी आणली आणि सवयीने निगेटिव्ह गाडीच्या अंगाला लावलं. तसं करायला हरकत नसते, पण मग डायनेमोला एकदा बॅटरीची तार क्षणभर टेकवून नवी दिशा द्यावी लागते. नाही दिली तर तो जुन्याच दिशेने वीज करतो. गाडी हळू आहे तोवर काही होत नाही, कारण कटआउट नावाचा छोटा स्विच डायनेमोला बॅटरीपासून अलग ठेवतो. गाडी पळाली की कटआउट आपोआप जोडला जातो आणि डायनेमो व बॅटरी एकमेकांवर तुटून पडतात. मला हे ठाऊक होतं. मास्तरांनीच शिकवलं होतं. घाईत राहून गेलं.

घाई कसली म्हणाल, तर कौतुकाची. समोरच्या गोदामाच्या भिंतीवर मी खडूची रेघ मारलेली असायची, उजेड त्या रेघेच्या खाली पडला पाहिजे. तात्यांना गाडीवर बसवल्याशिवाय दिव्याचा रोख ठरवता येत नसे, कारण ते बसले की मागचं चाक दबायचं आणि उजेड आभाळात जायचा. त्या संध्याकाळी ते बसले, मी दिवा खाली वळवला आणि बटण फिरवलं. सगळी भिंत उजळली. चहावाला टपरी सोडून आला. शेजारचा शिंपी म्हणाला, अरे, हा तर सर्चलाइट. तात्या तोंडभर हसत निघाले. मी इंजिन एकदाही जोरात फिरवून करंट दाखवणाऱ्या मीटरच्या काट्याकडे पाहिलं नाही. माझं लक्ष भिंतीकडे होतं.

गर्दीतून तात्या हळूहळू गेले तोवर दिवा झकास होता. वळच्या रस्त्याला लागले आणि त्यांनी गाडी सोडली. दिवा लाल झाला आणि विझला. या गाड्यांचं इंजिन बॅटरीशिवाय चालतं, त्यामुळे गाडी तशीच पळत राहिली. पुढे गवताने भरलेली बैलगाडी होती. तात्या गवतात शिरले. ज्या मालावर उभा जन्म गेला त्यानेच त्यांना वाचवलं. हात तेवढा मोडला.

गाडी लोकांनी ढकलत माझ्याकडे आणली. डायनेमोला जळका वास येत होता. मी कटआउटचं झाकण उघडलं. आतले जोडणीचे दोन्ही पॉइंट वितळून एकमेकांना चिकटले होते. वाइंडिंग खराब असतं तर डायनेमोने वीजच केली नसती, पॉइंट चिकटलेच नसते. हे वाचायला मला दुसऱ्या कुणाची गरज नव्हती. मी पॉइंट सुटे केले, पॉलिशपेपरने घासले आणि झाकण लावून टाकलं.

मग तात्या आले, गळ्यात हात अडकवून, गावची चार माणसं बरोबर. दुकानात एक लूमवाले शेठही बसले होते. त्यांच्या टेम्पोचं काम चाललं होतं.

“हात मोडला त्याचं काय न्हाय,” तात्या म्हणाले. “दिवा का विजला तेवढं सांग. तू चुकलास का?”

एवढा सोपा प्रश्न मला पुन्हा कुणी विचारला नाही. हो म्हटलं असतं तर त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या आणि चहा मागवला असता. पण सगळे माझ्याकडे बघत होते, आणि आदल्याच संध्याकाळी याच दुकानासमोरची भिंत उजळली होती.

मी म्हटलं, “तात्या, वाइंडिंग गेलं. मास्तरांचे हात आता थरथरतात. त्यांची बीबी भरते.”

कुणीतरी मागून म्हणालं, कांडी भरणारीला मोटर भरायला देतात काय. लोक हसले. तात्या हसले नाहीत. ते म्हणाले, “बाईमाणसाच्या जीवाला घोर लावू नको रं. दुसऱ्याकडून भरून घे.” लूमवाल्या शेठनी चहा अर्धा ठेवला आणि ते उठले. त्यांच्या मोटरी मास्तरांकडे जात असत.

जळलेला डायनेमो घेऊन मी निजामपुऱ्यात गेलो तेव्हा माझे शब्द माझ्याआधी तिथे पोचले होते. ते पायरीवरच कळलं, कारण पडदा पूर्ण ओढलेला होता. मास्तरांनी डायनेमो घेतला, आत दिला. आत तो बराच वेळ फिरवून पाहिल्याचा आवाज आला. मग आपांनी मास्तरांना हलक्या आवाजात काहीतरी सांगितलं.

मास्तरांनी मला विचारलं, “कटआउट देखा था?”

मी म्हटलं, “देखा. ठीक था.”

त्यांनी मान हलवली. मी जायला उठलो तेव्हा मास्तर म्हणाले, “नई बैटरी लगाओ तो पहले डायनेमो को बता दिया करो, अब किसके साथ रहना है.”

नेहमीच्याच मिश्किल सुरात म्हणाले, शिकवताना म्हणायचे तसंच. दोघांनाही सगळं कळलं होतं. नाक्यावर येऊन त्यांनी चार लोकांत एवढं एक वाक्य म्हटलं असतं तर माझं दुकान बसलं असतं. ते आले नाहीत. उलट डायनेमो पुन्हा भरून पाठवला. मी या वेळी तार टेकवून दिशा दिली, इंजिन फिरवून काटा पाहिला आणि दिवा लावला. तात्यांना सांगितलं, मुंबईहून भरून आणला. तात्या त्या दिव्यावर जन्मभर फिरले आणि येईल त्याला सांगत राहिले, दिवा बघायचा तर नामाचा. त्या बोलण्यावर माझं दुकान वाढलं.

मास्तरांच्या दुकानी मोटरी येणं कमी होत गेलं. लूमवाल्यांनी भांडण केलं नाही की तक्रार. फक्त दुसरीकडे जाऊ लागले. मी माझे डायनेमो त्यांनाच देत राहिलो, आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला मुंबईचंच नाव सांगत राहिलो. पण चार डायनेमोंवर वाइंडिंगचं दुकान चालत नाही. आपांनी पुन्हा कांड्या भरायला घेतल्या. पुढच्या पावसाळ्याआधी दोघं मालेगावला गेली, आपांच्या भावाकडे. जाण्याआधी मास्तर माझ्या दुकानी आले होते. मी चहा मागवला. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं आणि मी त्याच्याकडे वळलो, वळायची गरज नसताना. मास्तरांनी चहा संपवला, थरथरता हात माझ्या खांद्यावर ठेवला आणि गेले.

मला राग येऊन बोलणारी माणसं आयुष्यात पुष्कळ भेटली. त्यांचं काही लक्षात नाही. हे दोघं मात्र रोज आठवतात, आणि आठवले की आधी उपकारच आठवतात. त्यानंतर मी जेवढ्या बॅटऱ्या जोडल्या त्या प्रत्येक वेळी ते वाक्य मनात म्हणून जोडल्या. माझ्या हातचा डायनेमो पुन्हा कधी जळला नाही. लोक त्याला माझा हातगुण म्हणत.

आता लिहायला निमित्त झालं ते तात्यांच्या नातवाचं. गेल्या हिवाळ्यात तो ‘मिलिटरी’ घेऊन घरी आला. आता तिला व्हिंटेज म्हणतात. त्याला नवा दिवा हवा होता आणि एलईडी टाकू की नको, हे माझ्याकडून ठरवून हवं होतं. मी म्हटलं, बेलाशक टाक. जुन्या गाडीला एलईडी चांगलाच, करंट फार कमी खातो, म्हाताऱ्या डायनेमोवर भार येत नाही. फक्त वाटीला बसेल असा बघून घे, नाहीतर उजेड भलतीकडेच फेकेल. काच मात्र आजोबांचीच ठेव. त्याला डायनेमोही नवा टाकायचा होता. म्हणाला, काका, इतका जुना, आत काय राहिलं असेल.

मी डायनेमो उघडला. वॉर्निश काळं पडलं होतं. खाली तार वेढ्याला वेढा लागून होती तशीच. टोकाला सुताचं बांधकाम होतं आणि त्यावर ती चपटी गाठ. मीटर लावून पाहिला. वाइंडिंग शाबूत. पोराला सांगितलं, हा काढायचा नाही. त्याने विचारलं, कुणी भरलाय. तेव्हा मी पहिल्यांदा खरं नाव सांगितलं, आणि पुढचंही सगळं सांगितलं. तो म्हणाला, मग आजोबा ज्यांना मुंबईचे समजत होते, ते हेच का. म्हटलं, हेच. त्याच्या ओळखीने मालेगावला चौकशी केली. मास्तर फार पूर्वी गेले. आपाही गेल्या.

म्हणजे माझ्या हाती एकच वेळ आली होती, ती मी घालवली. मालेगावला गेल्यावर साधारण दोन वर्षांनी आपा कुणाच्या तरी लग्नाला भिवंडीत आल्या होत्या. एसटी स्टँडवर मला दिसल्या, भाचीबरोबर, परतीच्या गाडीची वाट पाहत. मी जवळ गेलो. सलाम केला. मास्तर कसे आहेत विचारलं. त्यांनी सांगितलं, बरे आहेत, तुमची आठवण काढतात. मग त्यांनी विचारलं, “तात्या की गाड़ी की रोशनी कैसी है?”

मी म्हटलं, “अच्छी है, आपा.”

त्या हसल्या, आणि वाट पाहत राहिल्या. गाडीची असेल, किंवा माझ्या पुढच्या वाक्याची. गाडी लागली. मी त्यांची पिशवी वर चढवून दिली, खिडकीखाली उभा राहिलो आणि गाडी सुटेपर्यंत तोंड उघडलं नाही. ते वाक्य अजून माझ्याकडेच आहे. आपा, वाइंडिंग आपकी ठीक थी. तार मैंने नहीं छुआई थी. मुझे माफ़ करना.